दोन वर्षांची सवलत, तीन वर्षांची नोकरी: परदेशात शिकवणाऱ्या शिक्षकांच्या कर-रिफंडचा आढावा

भीमाशंकरच्या घाटमाथ्यापासून मंचर-नारायणगावच्या हमरस्त्यापर्यंत पसरलेल्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात शिक्षकाची आणि प्राप्तिकराची खरी गाठ पडते ती फेब्रुवारीच्या पगारात. वर्षभर किरकोळ कापलेला टीडीएस तेव्हा एकदम वसूल होतो. जूनमध्ये फॉर्म सोळा हातात येतो, जुलैत कर-सल्लागार रिटर्न भरतो आणि जास्तीचे कापले गेले असेल तर काही आठवड्यांनी रक्कम खात्यात जमा होते. पगार देणारा एक, सरकार एक, हिशेबाचे वर्ष एक.

हाच शिक्षक परदेशातल्या शाळेत रुजू झाला की यातले काहीच एक राहत नाही. सरकारे दोन होतात. अमेरिकेचे करवर्ष जानेवारीत सुरू होते, इंग्लंडचे ६ एप्रिलला, आपले १ एप्रिलला. कापलेला कर परत मिळेल का, कोणाकडून, किती दिवसांत, हे प्रश्न मग फॉर्म भरण्यापुरते उरत नाहीत. त्या शिक्षकावर कर लावण्याचा हक्क मुळात कोणत्या देशाचा, इथपर्यंत ते जातात. त्या वादाची आजची स्थिती काय आहे, हे येथे पाहायचे आहे.

पाहुण्या प्राध्यापकासाठी आखलेली सोय

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत परदेशी शिकवायला जाणारा भारतीय म्हणजे एक तर पाश्चात्त्य विद्यापीठाने वर्ष-दोन वर्षांसाठी बोलावलेला प्राध्यापक, नाहीतर इथिओपिया, नायजेरिया, झांबिया अशा देशांच्या सरकारांनी नेमलेला शाळामास्तर. देशात परकीय चलनाचा दुष्काळ होता, त्यामुळे ही माणसे डॉलर-पौंड घरी पाठवत ही सरकारला सोयीचीच गोष्ट होती. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ८०आर हे त्याच काळाचे अपत्य. भारतीय नागरिक असलेल्या प्राध्यापकाला, शिक्षकाला वा संशोधकाला परदेशी विद्यापीठाकडून किंवा शिक्षणसंस्थेकडून मिळालेला मोबदला परकीय चलनात भारतात आणला, तर त्याचा मोठा हिस्सा करपात्र उत्पन्नातून वजा होई. एका टप्प्यावर ही वजावट ७५ टक्के होती. अर्धे वर्ष बाहेर राहून अनिवासी झालेल्याला तिची गरज नव्हती. उन्हाळ्याच्या सत्रापुरता जाऊन येणाऱ्या, म्हणजे भारताचाच रहिवासी राहिलेल्या माणसाला तिचा खरा उपयोग होता. २००० च्या अर्थसंकल्पाने ही वजावट दरवर्षी थोडी थोडी कमी करत नेली आणि २००५-०६ या कर-निर्धारण वर्षापासून ती उरली नाही. त्यानंतर शिक्षकांसाठी वेगळी अशी देशी सवलत नाही. उरले ते दोन देशांमधले करार.

भारत-अमेरिका करार १९८९ साली झाला आणि १९९० च्या डिसेंबरात अमलात आला. भारत-ब्रिटन करार १९९३ चा. दोन्हींत २२ वे कलम शिक्षकांचे आहे आणि दोन्हींचा आशय सारखाच: एका देशाचा रहिवासी शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात, महाविद्यालयात किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत दोन वर्षांपेक्षा जास्त नाही इतक्या मुदतीसाठी गेला, तर त्या कामाच्या मोबदल्यावर यजमान देश कर लावणार नाही. सोय दुतर्फी आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या दुर्बिणींवर काम करायला परदेशी खगोलशास्त्रज्ञ येतात. असा संशोधक इथल्या संस्थेकडून मोबदला घेत असेल आणि त्याच्या देशाशी असा करार असेल, तर भारतालाही हीच मोकळीक द्यावी लागते. संशोधन मात्र खाजगी फायद्यासाठी नसावे, एवढी पुरवणी अट आहे.

ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने करारांचा जो नमुना जगापुढे ठेवला, त्यात शिक्षकांचे कलम नाही, हे इथे नोंदवायला हवे. म्हणजे ही सोय सर्वमान्य तत्त्व नाही. ज्या दोन देशांनी मागितली आणि दिली, तेवढ्यांतच ती आहे. आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाहुणा प्राध्यापक होता, हे तिच्या शब्दांवरून स्पष्ट दिसते. आज त्या कलमाखाली उभा राहतो तो सरकारी शाळेत गणित-विज्ञान शिकवायला गेलेला शिक्षक. आजच्या बहुतेक अडचणी या फरकातून निघतात.

आज जातो कोण

टीईटी आणि टेट या परीक्षा, शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आणि मग वर्षानुवर्षांची वाट या साखळीत अडकलेल्या बीएडधारकाला बाहेरची जाहिरात खुणावते, यात नवल नाही. मुख्य वाटा तीन आहेत. सर्वांत जुनी आखाती देशांतल्या भारतीय शाळांची. दुसरी अमेरिकेच्या जे-१ देवाणघेवाण व्हिसाची: पदवी आणि किमान दोन वर्षांचा अनुभव असलेल्या शिक्षकाला तिथल्या शाळेत तीन वर्षांपर्यंत शिकवता येते आणि पुढे आणखी दोन वर्षांची वाढ मिळू शकते. तिसरी २०२३ साली रुंदावली. इंग्लंडने शिक्षक-पात्रतेची दारे भारतासह आणखी काही देशांना उघडली. गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांपुरतीच ती होती. भौतिकशास्त्र आणि भाषांच्या शिक्षकांसाठी १०,००० पौंडांचे स्थलांतर-अनुदानही काही काळ होते. ते करपात्र आहे ही गोष्ट जाहिरातींच्या ठळक अक्षरांत क्वचितच असायची.

याखेरीज फुलब्राइटसारख्या शिष्यवृत्त्या आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, पुढे त्यांची फुलब्राइटसाठी निवड झाली, तेव्हा महाराष्ट्रात रजेचा प्रश्न गाजला. अशा वेळी कराचा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. पण तोही असतोच: मिळणारी रक्कम शिकवण्याचा मोबदला मानायची की शिष्यवृत्ती? मोबदला असेल तर कराराचे २२ वे कलम लागू पडू शकते. शिष्यवृत्ती असेल तर नियम वेगळे, कपातीचा दर वेगळा, वर्षअखेरीस मिळणारा कागदही वेगळा.

घोडेगाव ते ॲरिझोना

नियम कोरडे वाटतात, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घोडेगावच्या एका शाळेत आठ वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाई २५ जुलै २०२४ रोजी जे-१ व्हिसावर ॲरिझोनातल्या सरकारी शाळेत रुजू झाल्या. व्हिसाच्या कागदावर, म्हणजे डीएस-२०१९ वर, मुदत तीन वर्षांची आहे.

अमेरिकेत त्यांच्यावर दोन घड्याळे एकाच वेळी चालू होतात आणि त्यांचे काटे जुळत नाहीत. पहिले व्हिसाचे. जे-१ वरच्या शिक्षकाचे दिवस दोन कॅलेंडर वर्षांपर्यंत रहिवासाच्या हिशेबात धरले जात नाहीत. २०२४ मध्ये बाई पाचच महिने होत्या, तरी ते एक पूर्ण वर्ष गणले जाते. २०२५ दुसरे. १ जानेवारी २०२६ पासून त्यांचे दिवस मोजायला लागतात आणि त्या वर्षाचा बराचसा भाग तिथे काढला तर त्या करापुरत्या अमेरिकेच्या रहिवासी ठरतात. तोवर त्यांनी भरायचे रिटर्न अनिवासींचे, म्हणजे १०४०-एनआर. याच काळात त्यांच्या पगारातून सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपात व्हायला नको. शाळेच्या पगार-कारकुनाला हे ठाऊक नसले तर ती होते. तशी झाली की ती रक्कम आधी शाळेकडे मागायची, शाळेने नकार दिला तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून अमेरिकी कर-खात्याकडे. रिफंडच्या मागण्यांमध्ये ही सर्वांत निर्विवाद मागणी, आणि हात लावायचा राहून जाते तीही बहुधा हीच.

दुसरे घड्याळ कराराचे. ते बाई पोचल्या त्या दिवसापासून चालते आणि जुलै २०२६ च्या अखेरीस थांबते. या काळातल्या पगारावर अमेरिकेचा केंद्रीय प्राप्तिकर लागू नये, असा त्यांचा दावा होऊ शकतो. १ जानेवारी २०२६ नंतर त्या रहिवासी ठरल्या तरी शिक्षकांचे कलम टिकते, कारण ग्रीनकार्ड नसलेल्यांसाठी करारातच तशी तरतूद आहे.

इथपर्यंत सरळ आहे. अमेरिकी कर-खात्याची भारताच्या करारासाठीची भूमिका मात्र कडक आहे: मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला, तर सवलत उरलेल्या काळापुरती बंद होत नाही, ती पहिल्या दिवसापासून रद्द होते. म्हणजे बाईंनी शाळेशी तिसऱ्या वर्षाचा नोकरीचा करार केला की २०२४ आणि २०२५ चा न भरलेला कर व्याजासह देणे लागते. दोन्ही देशांच्या सक्षम अधिकाऱ्यांनी वेगळे ठरवले तर गोष्ट निराळी, पण तो मार्ग एकट्या शिक्षिकेच्या आवाक्यातला नव्हे.

राज्याचा कर आणखी वेगळा. काही राज्ये केंद्राच्या हिशेबावरच आपला कर बेततात; कॅलिफोर्नियासारखी राज्ये हे करार मानत नाहीत. केंद्राचा कर माफ आणि राज्याचा कर चालू, असे तिथे होऊ शकते.

सवलत आधी घ्यायची की रिफंड नंतर मागायचा

यावरून जाणकारांत दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे हक्काची सवलत सुरुवातीलाच घ्यावी: शाळेला सवलतीचा फॉर्म ८२३३ द्यावा, पगार पूर्ण घ्यावा. परदेशात पहिल्या वर्षी घरभाडे, गाडी, विमा यांनी शिक्षक मेटाकुटीला आलेला असतो. तेव्हा हातात आलेला डॉलर तीन वर्षांनी मिळणाऱ्या डॉलरपेक्षा मोलाचा. हे मत चुकीचे नाही.

दुसरे मत सांगते, कर कापू द्या, रिटर्न वेळेवर भरा, आणि दोन वर्षांच्या आत परत फिरणे पक्के झाले की सुधारित रिटर्न भरून सगळा कर मागा. रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांपर्यंत मागता येते. बाईंच्या २०२४ च्या रिटर्नची मुदत १५ एप्रिल २०२५ होती, म्हणून त्या वर्षाच्या रिफंडसाठी त्यांना १५ एप्रिल २०२८ पर्यंत वेळ आहे. तिसरे वर्ष काढायचे ठरले तर काहीच करायचे नाही, कारण कर भरलेलाच आहे. तीन वर्षांचा व्हिसा हातात असताना मला हाच मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. वाढीव मुदतीचा मोह बहुतेकांना होतो, आणि खर्चून टाकलेली सवलत परत करणे फार जड जाते.

मूळ शंका मात्र दोन्ही मतांच्या खाली तशीच राहते. कलमात 'दोन वर्षांपेक्षा जास्त नाही इतक्या मुदतीसाठी' जाणारा माणूस अभिप्रेत आहे. ही मुदत निघतानाच्या हेतूवरून ठरवायची की प्रत्यक्ष मुक्कामावरून? हेतू धरला, तर डीएस-२०१९ वरची तीन वर्षे हाच पुरावा आणि सवलत सुरुवातीपासूनच नाही. काही शाळा याच कारणाने फॉर्म ८२३३ स्वीकारत नाहीत. मुक्काम धरला, तर दोन वर्षांच्या आत परतणाऱ्याचा दावा उभा राहतो, कागदावर काहीही लिहिलेले असो. कर-खात्याच्या मार्गदर्शनात भर मुक्कामाच्या लांबीवर आहे. कलमाची शब्दरचना हेतूकडे झुकते.

कलमातली 'येण्याच्या लगेच आधी भारताचा रहिवासी' ही अटही वाटते तितकी साधी नाही. दुबईत पाच वर्षे शिकवून तिथूनच थेट अमेरिकेला गेलेला मंचरचा शिक्षक भारतीय नागरिक आहे, पण लगेच आधीचा रहिवासी भारताचा नाही. अमेरिकेतच शिकून तिथेच शिक्षक झालेल्याचेही तसेच. निघण्यापूर्वी भारतीय प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करून रहिवासाचा दाखला घेऊन ठेवला, तर पुढचे बरेच वाद टळतात. ही गोष्ट करणारे थोडे.

एक गोंधळ इथेच मिटवावा. कराराच्या २१ व्या कलमात भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकेची प्रमाणित वजावट मिळते. समाजमाध्यमांवर ती 'भारतीयांची सवलत' म्हणून फिरते. ती विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थींसाठी आहे, शिक्षकांसाठी नाही. तसेच घाईत रहिवाशांचा १०४० भरून मुलांच्या नावावरची क्रेडिट घेतलेले शिक्षक असतात. त्यांना रिफंड मोठा येतो आणि तो परत करावा लागतो.

इंग्लंड, आखात, जपान

इंग्लंडमध्ये २२ व्या कलमाचा उपयोग शाळेतल्या शिक्षकाला जवळजवळ नाही, कारण तो कुशल कामगार व्हिसावर कित्येक वर्षांसाठी जातो. तिथला रिफंड दुसऱ्या कारणाने निघतो. शिक्षक सप्टेंबरात रुजू होतो, करवर्ष एप्रिलमध्ये सुरू झालेले असते. १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा पूर्ण वर्षाची असते, पण पगार सातच महिन्यांचा. सुरुवातीला आपत्कालीन कर-संकेतांक लागला तर कर जास्त कापला जातो. जुलैत नोकरी सोडून परतणाऱ्याचेही तसेच होते. शाळेकडून नोकरी सोडल्याचा पी४५ घेऊन देश सोडल्याचा पी८५ भरला की जास्तीचा कर परत मिळतो. मागणीला करवर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत आहे. नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी मात्र परत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या जोडीला दुहेरी वर्गणी टाळण्याची तरतूद आली, त्यावरून शिक्षकांनीही आशा धरली. पण ती भारतातल्या मालकाने तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. थेट इंग्लंडच्या शाळेने नेमलेला शिक्षक तिच्यात बसत नाही.

आखातात वैयक्तिक प्राप्तिकर नाही, त्यामुळे तिथून रिफंडही नाही. ओमानने २०२५ मध्ये कायदा केला, पण तो २०२८ पासून आणि वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नाला. शिक्षकाचा पगार तिथवर पोचत नाही. आखातातल्या शिक्षकाची धास्ती वेगळी होती. २०२० च्या अर्थसंकल्पाने, जो भारतीय नागरिक कुठल्याच देशात करपात्र नाही त्याला भारताचा रहिवासी मानण्याची तरतूद आणली आणि दुबई-मस्कतच्या स्टाफरूममध्ये खळबळ उडाली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने दुसऱ्याच दिवशी खुलासा केला. अंतिम कायद्यात ही तरतूद भारतातले उत्पन्न १५ लाखांहून जास्त असणाऱ्यांपुरती राहिली आणि त्यांच्याही परदेशी पगाराला हात लागला नाही.

जपानमध्ये पेन्शनची वर्गणी भरलेला परदेशी शिक्षक देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागू शकतो. त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो आणि तो तिथल्या कर-प्रतिनिधीमार्फत परत मागता येतो. पण १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. एकरकमी रक्कम घेतली की त्या करारासाठी मोजता आली असती ती वर्गणीची वर्षे पुसली जातात.

भारतातली बाजू

आता पुन्हा घोडेगावच्या बाईंकडे. नोकरीसाठी देश सोडणारा त्या वर्षी भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर त्याला अनिवासी मानतात. बाई जुलैत निघाल्या, १ एप्रिलपासून चार महिनेही झाले नव्हते, म्हणून २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षी त्या अनिवासी. अमेरिकी शाळा ऑगस्टमध्ये भरतात, हे इथे पथ्यावर पडते. ऑक्टोबरात निघणाऱ्याचे १८२ दिवस सप्टेंबरअखेरच भरतात आणि त्या वर्षीचा परदेशी पगारही भारतात करपात्र होतो.

परतताना हिशेब उलटा फिरतो. बाई जून २०२६ मध्ये आल्या, तर मार्च २०२७ पर्यंत त्यांचे १८२ हून कितीतरी जास्त दिवस भरतात आणि त्या पूर्ण वर्षासाठी रहिवासी होतात. वर्ष दोन भागांत तोडण्याची इंग्लंडसारखी सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे एप्रिल-मे २०२६ चा ॲरिझोनाचा पगार भारतात करपात्र ठरतो. दहा महिन्यांचा पगार बारा महिन्यांत वाटून देण्याची तिथे पद्धत आहे. तसे असेल तर उन्हाळ्यातले हप्तेही यात आले. जो पगार अमेरिकेने सवलतीने सोडला तो भारताने धरला, आणि वजा करायला परदेशी कर भरलेलाच नाही. लांब मुक्कामानंतर परतणाऱ्याला 'सामान्यतः रहिवासी नसलेला' या मधल्या वर्गाचा आसरा असतो. दोन-तीन वर्षांत परतणाऱ्या शिक्षकाला तोही मिळत नाही.

ज्याचा कर परदेशात कापला गेला, त्याच्यापुढे फॉर्म ६७ चा वाद आहे. भरलेल्या परदेशी कराची वजावट मिळवण्यासाठी तो फॉर्म रिटर्नच्या मुदतीत भरावा, असे नियम १२८ सांगत होता. अनेक पगारदारांचा तो उशिरा गेला आणि वजावटी नाकारल्या गेल्या. बंगळूरुच्या प्राप्तिकर न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये म्हटले की फॉर्म ही कार्यपद्धती आहे, करारातला हक्क तिच्यामुळे बुडत नाही. विशाखापट्टणमच्या खंडपीठाने २०२२ मध्ये उलट सांगितले: वेळेची अट पाळणे बंधनकारकच. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये करदात्याच्या बाजूने कौल दिला. दरम्यान ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने नियम सैल केला आणि कर-निर्धारण वर्ष संपेपर्यंत मुदत दिली. वाद त्यामुळे बराच निवळला. आधीच्या वर्षांची प्रकरणे मात्र त्याच जुन्या प्रश्नावर चालू राहिली.

याहून अवघड मुद्दा पुढचा. करारानुसार अमेरिकेने जो कर घ्यायलाच नको होता तो घेतला, तर भारत त्याची वजावट देईल का? तत्त्व असे की वजावट कराराप्रमाणे देय असलेल्या कराचीच मिळते. चुकीने गेलेला पैसा ज्याने घेतला त्याच्याकडून मागा. तिकडे मागणी दोन-तीन वर्षे लोंबकळली तर इकडची मुदत निघून जाते. वादातल्या कराची वजावट निकाल लागल्यावर देण्याची सोय नियमात आहे, पण तिला कागद पुष्कळ लागतात आणि दोन्हीकडचा सल्लागार परवडणारा शिक्षक विरळा.

भारताकडून येणाऱ्या रिफंडची कहाणी त्या मानाने साधी आहे, फक्त तपशील बोचतात. निघाल्यावर सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता आला, तर तो भारतात केलेल्या कामाचा पगार, अनिवासीलाही करपात्र. १९६१ च्या कायद्यात कलम ८९ खाली सूट घ्यायची तर रिटर्नआधी फॉर्म १०ई भरावा लागे. अनिवासीच्या एनआरओ ठेवीच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर कापतात, आणि १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूट (१९६१ च्या कायद्यातले कलम ८७ए) अनिवासीला नाही. रिफंड पूर्वप्रमाणित बँक खात्यातच येतो. जिल्हा परिषद शिक्षकाचे पगाराचे खाते पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असायचे; अनिवासी खात्याची सोय प्रत्येक सहकारी बँकेत नसते, म्हणून निघण्यापूर्वीच दुसऱ्या बँकेत एनआरओ उघडलेले बरे. भारतात खाते नसलेल्या अनिवासीला परदेशी खात्याचा तपशील देता येतो. आणि आधारचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते घरी ठेवून गेलात, घर आहुप्याच्या बाजूला डोंगरात असेल, तर रेंज शोधत फिरणाऱ्या भावावर तुमचे ई-व्हेरिफिकेशन अवलंबून राहते. रिटर्न राहूनच गेले तर विलंब माफीचा अर्ज आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्याची मुदत सहावरून पाच वर्षांवर आणली.

अमेरिकेच्या रिफंडबाबतही बँक खात्याची हीच गोष्ट. सप्टेंबर २०२५ अखेरपासून तिथल्या सरकारने कागदी धनादेश बंद करत न्यायचे धोरण घेतले. परतताना तिथले खाते बंद करून येणाऱ्याची रक्कम अडकण्याची शक्यता वाढली.

जे अजून ठरलेले नाही

पहिला प्रश्न, कुणीच कर न घेण्याचा. जुलैत जाऊन दोन वर्षांच्या आत मार्चअखेरीला परतणाऱ्या शिक्षकावर अमेरिका कलम २२ मुळे कर लावत नाही आणि भारत अनिवासी म्हणून लावत नाही. एक बाजू म्हणते, यात वावगे काय? ज्ञानाची देवाणघेवाण स्वस्त व्हावी म्हणूनच कलम आहे. दुसरी बाजू म्हणते, करार दुहेरी कर टाळण्यासाठी असतात, कर टाळण्यासाठी नाहीत. शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणारा जो स्थानिक शिक्षक पूर्ण कर भरतो, त्याला हे कसे पटवायचे? जुन्या कर-करारांत एकदम बदल करण्यासाठी अनेक देशांनी स्वीकारलेल्या बहुपक्षीय कराराच्या प्रस्तावनेत दुसऱ्या बाजूचा सूर आहे. भारताने हा बहुपक्षीय करार २०१९ मध्ये मान्य केला आणि ब्रिटनशी असलेल्या कराराला तो लागू होतो. अमेरिकेने त्यावर सही केलेली नाही, त्यामुळे तिथले २२ वे कलम जसेच्या तसे आहे.

दुसरा, सामाजिक सुरक्षेचा. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी भारताचे करार आहेत. अमेरिकेशी कित्येक वर्षांच्या चर्चेनंतरही नाही. तिथे पेन्शनचा हक्क साधारण दहा वर्षांच्या वर्गणीनंतर मिळतो. जे-१ वरचा शिक्षक तिसऱ्या ते पाचव्या वर्षी वर्गणी भरतो आणि दहा वर्षे होण्याआधीच परततो. ती वर्गणी वैध असल्याने परतही मिळत नाही. काही राज्यांत शिक्षकांचा स्वतंत्र निवृत्तिनिधी असतो. टेक्सास आणि कॅलिफोर्नियातले बहुतेक सरकारी शिक्षक सामाजिक सुरक्षेऐवजी त्यातच असतात, आणि तो निधी सोडताना काढून घेता येतो. त्यामुळे राज्य निवडताना पगाराइतकाच हा मुद्दाही पाहावा, असे सल्लागार आता सांगू लागले आहेत.

तिसरा, घरून शिकवण्याचा. परतलेली शिक्षिका मंचरमध्ये बसून अमेरिकी मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. काम भारतात झाले, म्हणून कर भारताचा. अमेरिकी कंपनीने तिच्याकडून परदेशी असल्याचा डब्ल्यू-८बेन फॉर्म घेऊन तिथला कर कापूच नये. कापला, तर पुन्हा रिफंडची वारी. करारातले शिक्षकांचे कलम इथे लागू पडत नाही, कारण ते दुसऱ्या देशात जाणाऱ्यासाठी लिहिलेले आहे.

आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा. कलमांचे क्रमांक बदलले, मागील वर्ष आणि कर-निर्धारण वर्ष ही जोडगोळी जाऊन एकच 'कर वर्ष' आले. रहिवासाची १८२ दिवसांची कसोटी कायम आहे, करारही तेच आहेत. बाईंचे परतीचे वर्ष, २०२६-२७, हे नव्या कायद्याचे पहिले कर वर्ष. फॉर्म ६७ वरचे जुने निकाल नव्या नियमांना कितपत लागू धरायचे, हे प्रकरणे खंडपीठांपुढे जातील तसे ठरत जाईल.